आर्मस्ट्राँग संख्या आणि धारण तलाव

१५३ ही संख्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात हमखास भेटते. तिच्या अंकांच्या घनांची बेरीज पुन्हा १५३च येते. अशा 'आर्मस्ट्राँग' संख्या ओळखणारा सी भाषेतला प्रोग्राम नवी मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी एकमेकांच्या जर्नलांतून उतरवून घेतला. अभियंत्याला तिचा उपयोग शून्य.

१९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी नेरुळला रामराव आदिक, १९८८ला ऐरोलीत दत्ता मेघे, १९९४ला वाशीत फादर रॉड्रिग्ज अशी महाविद्यालये उभी राहिली. इमारती लवकर होतात. प्रोग्रामिंग शिकवणारा शिक्षक तयार व्हायला वेळ लागतो. मग आधी व्याकरण, नंतर प्रोग्राम आणि जमलाच तर शेवटी प्रश्न, असा क्रम पडला.

हा क्रम उलटा करण्याची पद्धत वैद्यकातून आली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९पासून विद्यार्थ्यांपुढे आधी रुग्णाची तक्रार ठेवली. शरीरशास्त्र तिच्या मागोमाग आले. पवईच्या आयआयटीत अभिराम रानडे यांनी प्रोग्रामिंगची सुरुवात पडद्यावरच्या कासवाकडून करवून घेतली. कासवाला दहा बाजूंची आकृती काढायला सांगा, तीच आज्ञा दहादा लिहून हात दुखतो, आणि 'लूप'ची गरज विद्यार्थ्याला आपोआप कळते.

पवईतच दीपक फाटक यांनी शिक्षकांसाठी कार्यशाळा उभारल्या. व्याख्यान पवईहून थेट देशभरच्या केंद्रांवर जाई; प्रात्यक्षिक मात्र त्या त्या केंद्रात, आधी पवईला येऊन तयार झालेल्या समन्वयकाच्या देखरेखीखाली चाले. मिश्र अध्यापन म्हणतात ते हेच. २०१४मध्ये फाटकांचा प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम एडएक्सवर गेला. माझ्या मते या सगळ्यातला कळीचा माणूस समन्वयक. पण आपण उचलली ती चित्रफीत, कारण ती स्वस्त पडते.

आणि प्रश्न? ते आपल्या दाराशी आहेत. सिडकोने खाडीकाठी धारण तलाव बांधले. भरतीला झडपा मिटतात, पावसाचे पाणी तळ्यात साठते, ओहोटीला वाहून जाते. तासातासाचा पाऊस आणि भरतीच्या वेळा दिल्या, तर तळे कधी ओसंडेल? याला अ‍ॅरे लागतो, लूप लागते, अट लागते. आणि उत्तरात पाण्याची पातळी शून्याखाली गेली, तर 'अरे, हे कसं झालं?' असं विचारणारं कुणीतरी बाकाशेजारी लागतं.