बोरघाट: वाट आणि वाटाडे

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली मागे टाकली की गाडी चढणीला लागते. पावसाळ्यात कड्यांवरून धबधबे कोसळू लागले म्हणजे कोणाचेही मन हरखून जावे. परंतु या वळणांना जसे सौंदर्य आहे, तसा इतिहासही आहे.

बोरघाट ही कोकण व देश यांना जोडणारी फार प्राचीन वाट. शतकानुशतके येथून बैलांचे तांडे चढले-उतरले. १८०४ साली जनरल वेलस्लीने सैन्यासाठी ती सुधारून घेतली, तर १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाड्यांचा रस्ता खुला झाला. त्याच काळातील दगडी पूल पुढे ‘अमृतांजन पूल’ म्हणून सर्वांच्या ओळखीचा झाला. एप्रिल २०२० मध्ये तो पाडण्यात आला.

पुढे आगगाडी आली. १८५६ मध्ये आरंभलेले घाटातील लोहमार्गाचे काम २१ एप्रिल १८६३ रोजी पूर्ण झाले. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे! १८६१ च्या सुमारास ४२ हजार मजूर येथे राबत होते. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये दंगाही उसळला. त्याच वर्षी नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आले व लवकरच निवर्तले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका सोडला नाही. व्यवस्थापक नेमून त्यांनी काम तडीस नेले. कॉलरा, ताप आणि अपघात यांनी हजारो मजुरांचा बळी घेतला. ठेकेदारांची नावे ग्रंथांत आहेत. मजुरांची नावे कोणी लिहून ठेवली?

लोकांनी मात्र एक नाव जपले. घाटात शिंग्रोबाचे मंदिर आहे. लोककथा सांगते, की साहेबाला घाटाची वाट एका धनगराने दाखविली. बक्षीस विचारताच त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले आणि त्याला गोळी घालण्यात आली. आजही कित्येक चालक तेथे नाणे वाहूनच पुढे जातात.

कथेतील इतिहास किती, हा वाद अभ्यासकांनी घालावा. आम्हांस तीत एक न्याय दिसतो. दप्तराने ज्यांना विसरून टाकले, त्यांना लोकांनी वाटेवरच जागा दिली. द्रुतगती मार्गाने आपण आता काही मिनिटांत घाट ओलांडतो. सोबतच्या मुलांना धबधबा अवश्य दाखवावा, आणि बोगदा दिसताच तो कोणी खोदला, हेही सांगावे.