ऑक्टाव्हिया: लोगो बाजूला ठेवून बघूया

आजचा एपिसोड एका गाडीचा आहे, पण सुरुवात आपल्या हायवेपासून.

गुजरातकडून येणारा रस्ता तलासरीत आच्छाडला महाराष्ट्रात शिरतो आणि डहाणू तालुक्यातल्या चारोटीवरून मुंबईकडे जातो. कागदावर नंबर ४८, पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'आठ नंबर'च. शाळेत असताना आम्ही चारोटी नाक्यावर उभे राहून गाड्या ओळखायचो. मर्सिडीज दिसली की आरडाओरडा. स्कोडा ऑक्टाव्हिया दिसली की कोणीतरी म्हणायचंच, "ही कसली लक्झरी!"

मलाही तसंच वाटायचं. आता स्वतःसाठी जुनी गाडी शोधताना तिचा इतिहास वाचला आणि मत बदललं.

स्कोडाचं मूळ १८९५ चं. लॉरिन आणि क्लेमेंट या दोघांनी आजच्या चेक देशात सायकलींपासून सुरुवात केली. १९९१ मध्ये फोक्सवॅगन त्यात आली. म्हणून ऑक्टाव्हियाचा पाया तोच, जो फोक्सवॅगन गोल्फ आणि ऑडी ए३ चा होता. लोगो वेगळा, हाडं तीच! २००१ मध्ये ती भारतात आली, आणि जोडली जायची कुठे? तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला. म्हणजे आपल्याच राज्यात.

डिझेल इंजिन १.९ लिटरचं, ताकद फक्त ९० पीएस. ऐकायला कमी वाटते ना? पण २१० न्यूटन मीटरचा टॉर्क १९०० आरपीएमलाच मिळायचा. ट्रकला ओव्हरटेक करताना हाच आकडा कामाला येतो. २००४ मध्ये आरएस आली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस. टर्बो म्हणजे काय, तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने पंखा फिरवायचा आणि इंजिनात जास्त हवा ढकलायची. आज हे छोट्या गाड्यांतही असतं, तेव्हा आपल्याकडे नवल होतं. शिवाय दिसायला सेडान, पण मागचं दार काचेसकट वर उघडतं. डिकी ५२८ लिटरची. चिकूचे क्रेट ठेवून बघा!

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. वरच्या मॉडेलमध्ये एबीएस आणि एअरबॅग होत्या. तेव्हा ही चैन समजली जायची. आपल्याकडे नव्या कारना एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती थेट २०१९ मध्ये. ज्याला आपण 'श्रीमंतांचे लाड' म्हणत होतो, ती गरज होती हे कळायला इतकी वर्षं लागली.

आणि तरीही गाडी सगळं करत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी मर्सिडीज होती. पुढचे दोघं वाचले, मागे बसलेले दोघं गेले. मागच्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. लहानपणी जिच्यासाठी आम्ही ओरडायचो, त्याच लोगोची गाडी, आमच्याच नाक्याजवळ.

बाबा विचारतात, "एवढी जुनी गाडी कशाला? पार्ट्स महाग." बरोबर आहे त्यांचं. म्हणून मी अजून घेतलेली नाही. पण बघायला गेलो की पीएस नंतर विचारतो. आधी एबीएस आहे का, एअरबॅग आहेत का, आणि मागचे बेल्ट ओढून बघतो.

तुम्हीही मागे बसलात तर बेल्ट लावा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!