एका विकराची अडवणूक

मृगाचा पाऊस झाला, पेरणी आटोपली, की पंधरा-वीस दिवसांत शेतात दोन गोष्टी एकदमच वर येतात. एक पीक आणि दुसरे तण. खामगाव असो की मेहकर, बुलडाणा जिल्ह्यात या दोघांचा निवाडा पूर्वी डवरा आणि खुरपे करीत असत. १८७० मध्ये खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला, इथला कापूस सातासमुद्रापार जाऊ लागला. निंदण मात्र होते तसेच बायांच्या हाती राहिले. ते बदलले शंभराहून अधिक वर्षांनी, आणि तेही वनस्पतीच्या पेशीतल्या विकरांमुळे. विकर म्हणजे आपण ज्याला एंझाइम म्हणतो तो पेशीतला कारागीर.

ग्लायफोसेट हे रसायन प्रथम १९५० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका औषध कंपनीत तयार झाले. औषध म्हणून त्याचा काही उपयोग दिसेना, म्हणून ते बाजूला पडले. १९७० मध्ये अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या जॉन फ्रान्झ यांना त्याचा तणनाशक गुण सापडला आणि १९७४ पासून ते ‘राउंडअप’ या नावाने विकले जाऊ लागले. गंमत अशी, की ते नेमक्या कोणत्या विकराला अडवते हे जर्मन संशोधकांनी सिद्ध केले ते १९८० मध्ये. तोवर शेतकरी सहा वर्षे ते फवारत होता!

त्या विकराचे नाव ईपीएसपीएस. प्रथिने बांधायला लागणारी तीन अमिनो आम्ले त्याच्यावाचून तयार होत नाहीत. माणसाच्या किंवा बैलाच्या शरीरात हे विकर नसते, ती आम्ले आपण अन्नातून घेतो. रोपाला ती सोय नाही. विकर अडले, की सर्वांत आधी कोवळा शेंडा थांबतो, कारण वाढ तिथेच चाललेली असते. पान मात्र अजून हिरवे असते आणि ऊन घेत राहते. घेतलेल्या शक्तीला खर्चायला वाट उरली नाही, की ती प्राणवायूवर उतरते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी दाहक द्रव्ये तयार होतात. कॅटालेज, पेरॉक्सिडेज ही रोपाची राखणदार विकरे काही काळ झुंजतात. ती थकली, की पेशींची आवरणे फुटू लागतात. आठ-पंधरा दिवसांत शेतकऱ्याला जे पिवळे, मग तपकिरी झालेले तण दिसते, त्यामागे ही उपासमार आणि हा दाह असे दोन्ही असतात.

सोयाबीनची गोष्ट निराळी. त्यात फवारले जाणारे इमॅझेथापायर दुसरेच विकर अडवते. सोयाबीनचे रोप काही दिवस पिवळे पडते, पण ते औषध पचवून पुन्हा उभे राहते, तण मरते. कपाशीच्या रोपाला मात्र ते पचत नाही. सोयाबीनला वापरलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर नुकसान ठरलेलेच.

मग कपाशीलाच ग्लायफोसेट सोसायला शिकवले तर? मोन्सँटोच्या लुइझियानातील कारखान्याच्या सांडपाण्यात एक जिवाणू सापडला होता. त्याच्या ईपीएसपीएसवर ग्लायफोसेटची मात्रा चालत नाही. त्याचे जनुक पिकात घालून अमेरिकेत १९९६ मध्ये सोयाबीन आणि १९९७ मध्ये कपाशी बाजारात आली. भारतात अशा कपाशीसाठी केलेला अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. तरीही बियाणे चोरवाटेने शेतात पोचलेच. १० जून २०१९ रोजी शेजारच्या अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. निंदणाचा खर्च परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्या खर्चालाच निंदणाऱ्या बाईच्या घरी मजुरी म्हणतात, आणि सत्याग्रहाच्या चर्चेत ती बाई फारशी दिसली नाही, हेही खरे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटची फवारणी केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांकडून करण्याचा आदेश काढला. धुऱ्यावर पंप पाठीला लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याने असा कीडनियंत्रक कुठून आणावा, हे त्या आदेशात नव्हते.

तणही स्वस्थ बसलेले नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात २००५ मध्ये कपाशीतले एक तण ग्लायफोसेटला दाद देत नसल्याचे सिद्ध झाले. त्याने केले काय, तर त्याच विकराच्या जनुकाच्या अनेक प्रती करून ठेवल्या. औषधाने काही कारागीर अडवले, तरी उरलेले काम चालू ठेवतात. हे तण माठाच्या कुळातले आहे, आणि त्याचा भाऊबंद काटेमाठ आपल्याकडे उकिरड्यावर, धुऱ्यावर सगळीकडे उगवतो.