रायपूरची धूळ आणि रोगांची यादी

धान्य चाळणाऱ्यांचा खोकला आणि धाप यांची नोंद इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी 1700 सालच्या ग्रंथात केली. रायपूरच्या भातगिरण्यांत ही धूळ जुनीच. पुढे उरला-सिलतरा भागातील स्पंज आयर्न कारखान्यांतून लोहखनिज व कोळशाची भुकटीही कामगारांच्या श्वासात मिसळली. डोळ्यांना दिसणारी धूळ फसवी असते: 10 मायक्रॉनहून मोठे कण बहुधा नाका-घशातच अडतात, 4 मायक्रॉनहून बारीक कण वायुकोशांपर्यंत उतरतात. 1948 च्या कारखाने कायद्याने यादीतील रोगाचा रुग्ण आढळल्यास मुख्य कारखाने निरीक्षकांना कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. त्या यादीत दगडधुळीचा सिलिकोसिस होता, कापूसगिरण्यांतला बिसिनोसिसही होता. रामाझ्झिनींनी अडीचशे वर्षे आधी टिपलेला धान्यधुळीचा दमा मात्र तीत नव्हता.