तळटीप १७ : पल्ल्याबाहेरचा निळा

१७. ‘पल्ल्याबाहेरचा निळा’ : लेखकाने ‘पल्ला’ हा शब्द येथे ‘गॅमट’साठी योजला आहे; तो नेमका वाटल्याने आम्ही तसाच ठेवला. एखादा पडदा किंवा छपाईयंत्र जेवढे रंग दाखवू शकते, तेवढा त्याचा पल्ला. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग घडवतो. ऑफसेट छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी शाई कागदावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत निळा छापताना जांभळट, मलूल होतो. शाई वाईट म्हणून नव्हे. त्या चार शाईंच्या मिश्रणात तो रंग मुळात बसतच नाही. मुद्रकाला बोल लावण्याआधी हे ध्यानात घ्यायला हवे. उलटही तितकेच खरे, आणि ते क्वचितच सांगितले जाते : निव्वळ सायन शाईचा छापील रंग १९९६मध्ये पुढे आलेल्या एसआरजीबी या पडद्यांच्या प्रचलित मानकात मावत नाही. १९९८चे अडोबी आरजीबी अधिक रुंद आखले गेले, ते छपाईतले असे रंग सामावून घेण्यासाठीच. फोटोशॉपमध्ये ‘गॅमट वॉर्निंग’ सुरू केली, की न छापता येणाऱ्या जागा राखाडी दिसतात. मात्र ही सूचना निवडलेल्या प्रोफाइलपुरतीच, म्हणजे ठरावीक शाई-कागदाच्या रंगवर्णनापुरतीच, खरी. चकचकीत आर्ट पेपरचे प्रोफाइल ठेवून न्यूजप्रिंटवर छापले, तर राखाडी न झालेले रंगही फिके पडतात.