पैठणीचा लाल रंग फोटोत का बिघडतो? रंगीत हिस्टोग्राम आणि अचूक एक्स्पोजर

गणेशोत्सव, दिवाळी किंवा लग्नसमारंभाची छायाचित्रे संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहताना एक तक्रार हमखास ऐकू येते. चेहरे उत्तम आलेले असतात, सभागृहाची सजावटही नीट दिसते. मात्र लाल पैठणीच्या घड्या नाहीशा होऊन तिथे एकसंध लाल ठिगळ उरलेले असते. झेंडूच्या तोरणातील पाकळ्या एकमेकींत मिसळून जातात, गुलालाचा पोत हरवतो. छायाचित्र टिपताना कॅमेऱ्यावरील आलेख तर सारे काही ठीक असल्याचे सांगत होता. ही विसंगती बहुतेक वेळा एकाच कारणाने उद्भवते: छायाचित्रकाराने एकूण उजेडाचा आलेख पाहिलेला असतो, तिन्ही रंगांचे स्वतंत्र आलेख पाहिलेले नसतात.

आलेख काय सांगतो

हिस्टोग्राम म्हणजे छायाचित्रातील लहानमोठ्या उजेडाची मोजदाद. जेपेग छायाचित्रात प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ अशा २५६ पातळ्या असतात. आलेखाच्या डाव्या टोकाला काळोख, उजव्या टोकाला कमाल उजेड आणि उभ्या दिशेने त्या त्या पातळीवरील पिक्सेलची संख्या दाखवलेली असते. डोंगर डावीकडे चिकटला असेल तर सावलीतील तपशील काळोखात बुडालेला असतो. उजव्या भिंतीला चिकटला असेल तर उजळ भागातील तपशील कापला गेलेला असतो.

छायाचित्राच्या कोणत्या भागात हे घडले, हे आलेखावरून कळत नाही. त्यासाठी बहुतेक कॅमेऱ्यांत अतिउजळ भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना असते. आलेख आणि ही सूचना एकमेकांना पूरक आहेत.

एकाच आलेखाची मर्यादा

कॅमेऱ्यावर दिसणारा पांढरा किंवा करडा हिस्टोग्राम बहुधा तिन्ही रंगांच्या एकत्रित उजेडाचा असतो. मानवी डोळा हिरव्या रंगाला सर्वाधिक आणि निळ्याला सर्वांत कमी संवेदनशील असल्यामुळे ही बेरीज समान वाट्याने केली जात नाही. प्रचलित सूत्रानुसार लाल रंगाला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ इतके वजन दिले जाते.

आता कुंकवासारख्या लाल कापडाचा एक पिक्सेल घेऊ. त्यात लाल २५५, हिरवा ३० आणि निळा ४० आहे. लाल रंगाने कमाल मर्यादा गाठली आहे. तरीही वरील सूत्राने एकत्रित उजेड येतो केवळ ९८, म्हणजे आलेखाच्या मध्याच्याही डावीकडे. एकरंगी आलेख पाहणाऱ्याला वाटते की अजून बराच वाव आहे. तो एक्स्पोजर वाढवतो आणि नुकसान अधिक होते.

लाल चॅनेल २५५ वर अडला की दोन गोष्टी घडतात. घडीचा उजळ भाग आणि त्याशेजारचा किंचित कमी उजळ भाग, दोन्ही २५५ नोंदवतात. त्यामुळे वस्त्राचा पोत पुसला जातो. दुसरे असे की, लाल थांबला तरी हिरवा आणि निळा वाढतच राहतात. तिन्ही रंगांचे प्रमाण बिघडते आणि कुंकवाचा लाल शेंदरी किंवा गुलाबी छटेकडे झुकतो. केशरी झेंडू याच कारणाने पिवळा पडतो. नंतर संगणकावर उजेड कमी केला तरी हा तपशील जेपेगमध्ये परत मिळत नाही. केवळ ते ठिगळ अधिक गडद होते.

आधी व्हाइट बॅलन्स, मग आलेख

बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी असते. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या, तर लाल आणि निळ्या प्रत्येकी एक चतुर्थांश असतात. या कच्च्या नोंदींना व्हाइट बॅलन्सच्या प्रमाणात कमीअधिक करूनच अंतिम रंग ठरतात. म्हणून व्हाइट बॅलन्स चुकले की रंगीत हिस्टोग्रामही दिशाभूल करतो.

पिवळसर दिव्यांच्या सभागृहात कॅमेरा उन्हाच्या सेटिंगवर ठेवल्यास लाल चॅनेल उजवीकडे धावतो आणि निळा डावीकडे रेंगाळतो. म्हणून प्रथम त्या जागेच्या दिव्यांनुसार व्हाइट बॅलन्स निश्चित करावे आणि मगच आलेख वाचावा. ‘व्हिव्हिड’सारखी भडक रंगशैली चॅनेलना आणखी टोकाकडे ढकलते, ‘न्यूट्रल’ शैलीत आलेख अधिक विश्वासार्ह ठरतो.

प्रत्यक्ष वापर

समारंभ सुरू होण्यापूर्वी सर्वांत गडद रंगाची वस्तू शोधावी: नवरीचा शालू, फेटा, आरास किंवा फुलांचा हार. तिचे एक चाचणी-छायाचित्र घ्यावे आणि ते पाहताना कॅमेऱ्यातील लाल-हिरवा-निळा असा स्वतंत्र हिस्टोग्राम निवडावा. तिघांपैकी जो चॅनेल उजव्या भिंतीच्या सर्वांत जवळ असेल, तोच एक्स्पोजरची मर्यादा ठरवतो. तो भिंतीला टेकला असल्यास एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.३ किंवा ०.७ करून पुन्हा पाहावे. चेहरे किंचित काळवंडले तरी ते नंतर बऱ्याच अंशी उजळता येतात. कापला गेलेला रंग मात्र परत आणता येत नाही.

सगळ्याच उजळ भागांना वाचवण्याची गरज नसते. समईची ज्योत, पितळेवरची चकाकी किंवा चौकटीत आलेला दिवा यांचे पिक्सेल उजव्या भिंतीला टेकणारच. त्यांच्यासाठी एक्स्पोजर घटवल्यास संपूर्ण छायाचित्र काळोखात जाईल.

आदर्श आकार नसतो

मधोमध उभा असलेला सुबक डोंगर म्हणजे उत्तम छायाचित्र, हा समज चुकीचा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवातील काळ्या साड्यांचा आलेख डावीकडेच झुकायला हवा. उत्तर अमेरिकेतील बर्फाचा आलेख उजवीकडेच असायला हवा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मात्र प्रत्येक दृश्य मध्यम करड्या उजेडाचे असल्याचे गृहीत धरतो. त्यामुळे काळी साडी राखाडी आणि बर्फ मळकट दिसू लागतो. बर्फासाठी एक्स्पोजर वाढवावे, काळ्या वस्त्रांसाठी घटवावे, आणि दोन्ही वेळी तिन्ही चॅनेल भिंतीपासून दूर आहेत याची खात्री करावी.

रॉ फाइल आणि ‘उजवीकडे झुकते’ एक्स्पोजर

तपशील न कापता आलेख शक्य तितका उजवीकडे ठेवावा, हा विचार मायकेल राइकमन यांच्या २००३ मधील लेखामुळे लोकप्रिय झाला. अधिक प्रकाश गोळा झाला की सावलीतील नॉइज तुलनेने कमी होतो, हे त्यामागचे कारण. मात्र येथेही मर्यादा सर्वांत पुढच्या चॅनेलचीच पाळावी लागते.

रॉ फाइलमध्ये थोडी सवलत असते. कॅमेऱ्यावरील हिस्टोग्राम हा रॉ नोंदींचा नसून त्यांपासून बनवलेल्या जेपेग प्रतिमेचा असतो. त्यामुळे आलेखात कापला गेलेला लाल रंग रॉ फाइलमध्ये कधीकधी शाबूत सापडतो. ही सवलत कॅमेऱ्यागणिक आणि दिव्यांगणिक बदलते, म्हणून तिच्यावर विसंबण्याआधी स्वतःच्या कॅमेऱ्याची चाचणी घेणे श्रेयस्कर.

फोनच्या मूळ कॅमेरा ॲपमध्ये बहुधा हिस्टोग्राम नसतो. तिथे लाल भागावर बोट टेकवून उजेडाची पट्टी किंचित खाली ओढणे हा सोपा पर्याय आहे.

प्राणप्रतिष्ठा किंवा सप्तपदी पुन्हा करून घेता येत नाही. पहिल्या मंगलाष्टकाआधी घेतलेल्या एका चाचणी-छायाचित्राला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि शालूचा रंग अल्बममध्ये जसाच्या तसा उतरण्यासाठी बहुतेक वेळा तेवढे पुरेसे असते.