संगणकीय बुद्धिबळातील वेळेचे नियोजन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

संगणकीय बुद्धिबळाचा इतिहास बहुधा यंत्राच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९९७ साली आयबीएमच्या डीप ब्ल्यूने गॅरी कास्पारोव्ह यांच्यावर ३.५–२.५ असा विजय मिळविला, तेव्हाही चर्चा झाली ती सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासण्याच्या त्याच्या क्षमतेची. तथापि, हा वेग मोजक्या वेळेतच वापरावयाचा होता. कोणत्या चालीवर किती वेळ खर्च करावा, या प्रश्नानेच संगणकाच्या शोधपद्धतीला आकार दिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

घड्याळाचे बंधन

बुद्धिबळाचा उगम भारतातील असला, तरी वेळेचे काटेकोर बंधन ही १९व्या शतकातील युरोपीय स्पर्धांची देणगी होय. १८६१ च्या अँडरसन–कोलिश सामन्यात वाळूची घड्याळे वापरली गेली, तर १८८३ च्या लंडन स्पर्धेत दुहेरी घड्याळ आले. पुढे संगणक स्पर्धेत उतरला, तेव्हा त्यालाही हाच नियम लागू झाला.

टप्प्याटप्प्याने खोल जाणारा शोध

एक चाल अधिक पुढे पाहावयाची, तर तपासावयाच्या शक्यता कित्येक पटींनी वाढतात. ठरावीक खोलीपर्यंतच शोध घेणारा प्रोग्रॅम सोप्या स्थितीत वेळ शिल्लक ठेवी आणि गुंतागुंतीच्या स्थितीत अडकून पडे. शोध मध्येच थांबवावा, तर काही चाली तपासल्याच गेलेल्या नसत. यावरील उपाय नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डेव्हिड स्लेट व लॅरी अ‍ॅटकिन यांच्या चेस ४.५ या प्रोग्रॅमने १९७०च्या दशकात प्रभावीपणे रूढ केला : प्रथम एक चाल पुढे पाहावयाचे, मग दोन, मग तीन. वेळ संपताच मागील पूर्ण फेरीतील सर्वोत्तम चाल हाती असते.

यात पुनरावृत्ती दिसते. परंतु शेवटच्या फेरीच्या तुलनेत आधीच्या सर्व फेऱ्यांचा एकत्रित खर्च अल्प असतो. शिवाय आधीच्या फेरीत चांगली ठरलेली चाल पुढील फेरीत प्रथम तपासल्याने अल्फा-बीटा पद्धतीने निरर्थक शाखा लवकर छाटता येतात. वेळ सांभाळण्यासाठी योजलेल्या उपायाने शोधच अधिक वेगवान झाला.

राखीव वेळ

१९८३ व १९८६ चे संगणकीय विश्वविजेतेपद मिळविणाऱ्या क्रे ब्लिट्झचे एक निर्माते रॉबर्ट हयात यांनी १९८४ साली वेळेच्या वापरावर स्वतंत्र लेख लिहिला. डीप ब्ल्यूमध्ये प्रत्येक चालीसाठी वेळेची दोन उद्दिष्टे असत. पहिले म्हणजे उरलेला वेळ भागिले उरलेल्या चाली. दोन तासांत ४० चाली, या हिशेबाने हे सरासरी तीन मिनिटे होते. दुसरे उद्दिष्ट संकटकाळाचे होते. सर्वोत्तम वाटणाऱ्या चालीचे मूल्य अचानक घसरल्यास उरलेल्या वेळेच्या सुमारे एक-तृतीयांशापर्यंत विचार करण्याची त्यात मुभा होती. याखेरीज प्रतिस्पर्ध्याच्या वेळेतही विचार चालू ठेवण्याची प्रथा प्रोग्रॅम्समध्ये रूढ झाली.

निष्कर्ष

घड्याळाची कसोटी मानवालाही चुकलेली नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकात नागपूरच्या दिव्या देशमुख यांचा कोनेरू हम्पी यांच्यावरील विजय टायब्रेकच्या जलद डावांतच निश्चित झाला.

खानदेशातील महाविद्यालयांत कृत्रिम बुद्धिमत्ता शिकविताना वरील शोधपद्धती केवळ गणिती सूत्र म्हणून मांडली, तर तिच्यामागील कारण विद्यार्थ्यांपासून दूर राहते. ते कारण घड्याळात आहे. साधनांची विपुलता तंत्रज्ञानाला बळ देते, हे खरे. परंतु त्याला पद्धत देते ती मर्यादाच. विज्ञान व इतिहास या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी हा दुवा वर्गात जोडून दाखविणे अगत्याचे आहे.